गॅस गीझर पाच मिनिटांत बंद पडतो, खोली कोंदटते: धुराचा पाइप आणि हवेचा मार्ग कसा तपासावा

गीझर पेटतो, पाणी तापतं, आणि अंगाला साबण लागेपर्यंत विझतो. थोडं थांबून पुन्हा पेटवला तर पेटतो, पुन्हा विझतो. अशा तक्रारीत बहुतेक वेळा आधी बॅटरी बदलली जाते, मग सेन्सर बदलला जातो, आणि काही दिवसांत तक्रार परत येते. कारण गीझर बिघडलेलाच नसतो. त्याचा धूर बाहेर जात नसतो, किंवा त्याला जळायला हवा पुरत नसते, किंवा दोन्ही. धूर उलटला किंवा ऑक्सिजन उतरला की गॅस तोडणं हे सेन्सरचं काम, आणि ते तो चोख करतो म्हणून गीझर विझतो. तोच सेन्सर तार जोडून निकामी केला तर गीझर विझायचा थांबतो आणि माणसं बेशुद्ध पडू लागतात.

खालचा क्रम गीझरसाठी लिहिला आहे, पण गॅसवर चालणारा खोलीचा हीटर किंवा लहान बॉयलर असला तरी तोच लागू पडतो.

आधी हे

घरात कुणाचं डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय, आणि बाहेर मोकळ्यावर गेलं की बरं वाटतंय. किंवा एकाच वेळी दोघातिघांना तोच त्रास होतोय आणि ताप कुणालाच नाही. असं असेल तर तपासणी करत बसू नका. गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे थोडा वायूसुद्धा हळूहळू रक्तात साठत जातो. कुणी बेशुद्ध असेल तर रुग्णवाहिका बोलवा आणि गॅसच्या हीटरचा संशय डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतो, आकडा चांगला दाखवतो.

गॅसचाच वास येत असेल तर तो वेगळा प्रश्न आहे. दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साचतो; पाइपलाइनचा नैसर्गिक वायू हलका असतो, तो छताकडे जातो. मेन व्हॉल्व्ह बंद करून बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा.

लक्षणं, आणि त्यांचा रोख कुठे

- तीन ते दहा मिनिटं नीट चालून विझतो, थंड झाल्यावर पुन्हा पेटतो: धूर उलटतोय किंवा खोलीतला ऑक्सिजन उतरतोय.
- दार बंद असलं की विझतो, उघडं असलं की चालतो: आत येणारी हवा कमी पडतेय.
- एक्झॉस्ट फॅन किंवा स्वयंपाकघरातली चिमणी चालू असतानाच त्रास: ते यंत्र गीझरचा धूर खोलीत ओढून घेतंय.
- वाऱ्याच्या दिवशीच त्रास: पाइपचं बाहेरचं टोक चुकीच्या जागी आहे, किंवा त्यावर टोपी नाही.
- गारठ्यात पहिल्यांदा पेटवताना धूर आत येतो, मग थांबतो: पाइप थंड राहतो, लांब आहे किंवा बाहेरच्या भिंतीवरून उघडा जातोय.
- ज्योत पिवळी, लांब, डुलणारी. गीझरच्या कव्हरवर काळा पट्टा: अपुरं ज्वलन. इथे थांबायचं, पुढे सविस्तर आहे.
- हुडच्या (गीझरच्या डोक्यावरच्या, धूर पाइपात नेणाऱ्या झाकणाच्या) आसपास गंज, पाइपच्या सांध्यांवर पांढरट भुकटी, भिंतीला ओल: धुरातली वाफ आतच थिजतेय.
- डोळे चुरचुरतात, आंबूस उग्र वास येतो: अर्धवट जळालेला गॅस. कार्बन मोनॉक्साइडला वास नसला तरी त्याच्याबरोबर निघणाऱ्या इतर वायूंना असतो. वास नाही म्हणजे धोका नाही, असं मात्र नाही.

ओलीबद्दल एक खुलासा. एक किलो एलपीजी जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. पण अंघोळीच्या गरम पाण्याचीही वाफ असतेच, मग कोणती कुठली हे कसं ओळखायचं? गीझर चालवून गरम पाणी दुसऱ्या खोलीतल्या नळाला सोडा. गीझरच्या खोलीत एक थेंबही गरम पाणी न सांडता आरसा धुरकटला, तर ती वाफ धुराची आहे.

आधी ही कारणं वगळा

पेटल्यावर काही सेकंदांतच विझत असेल तर तो धुराचा दोष सहसा नसतो. बॅटरी उतरलेली असते, ज्योत ओळखणारी दांडी मळलेली असते किंवा थर्मोकपल (ज्योतीच्या उष्णतेवर गॅस चालू ठेवणारा भाग) गेलेलं असतं. पाण्याचा दाब कमी झाला की विझतो, तेव्हा पाण्याकडच्या गाळणीत कचरा असतो. पाणी फार कढत होऊन विझत असेल तर अतितापाचा कटआउट उडतोय. नळ पूर्ण सोडून किंवा गॅसची खुंटी कमी करून बघा. सिलिंडर संपत आलाय का, हेही एकदा हलवून पाहावं. यातलं काही नसेल तर पुढे चला.

गीझर कोणत्या जातीचा आहे

हे ठरवल्याशिवाय एकही तपासणी करू नका. एका जातीला जो उपाय लागू पडतो तोच दुसरीला घातक ठरतो.

पहिली जात बिनपाइपची. वर नुसती जाळी असते आणि धूर सरळ खोलीत सुटतो. दुसरी, नैसर्गिक ओढीची: डोक्यावर उघडी झालर असलेला हुड आणि त्यातून वर जाणारा पाइप. गरम धूर हलका होऊन आपोआप वर चढतो, बाकी काही त्याला ढकलत नाही. तिसरीत आतला पंखा धूर पाइपातून बाहेर फेकतो, पण जळायला हवा खोलीतलीच घेतो. चौथी बंद पेटीची. पाइपात पाइप असतो. बाहेरच्या नळीतून हवा आत येते, आतल्या नळीतून धूर जातो, खोलीच्या हवेशी संबंधच नसतो.

अनेक देशांत पहिल्या तीन जाती स्नानगृहात किंवा झोपायच्या खोलीत बसवायला मनाई आहे किंवा कडक अटी आहेत. तुमच्याकडे तसा बसवलेला असेल तर खालच्या तपासण्यांनी तो सुधारेल, पण योग्य जागी जाणार नाही. तो हलवणं किंवा चौथ्या जातीचा घेणं हाच खरा इलाज.

तपासणी १: दार-खिडकी उघडून चालवा

खर्च शून्य. खिडकी पूर्ण उघडा, दार उघडं ठेवा, सगळे पंखे बंद करा, आणि गीझर दहा मिनिटं चालवा. स्वतः दाराबाहेर उभे राहा. एरवी पाचव्या मिनिटाला विझणारा गीझर दहा मिनिटं टिकला, तर दोष हवेच्या येण्यात आहे हे जवळपास ठरलं. तरीही विझला, तर धुराच्या जाण्यात अडथळा आहे किंवा गीझरच्या आत काही आहे.

हवा किती लागते याचा हिशोब एकदा मांडून पाहावा. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गीझर सुमारे १२ किलोवॉटचा असतो. तो तासाला एक किलोच्या आतबाहेर एलपीजी जाळतो, आणि तेवढ्या गॅसला निदान १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे मिनिटाला २०० लिटर. आता १.२ बाय १.८ मीटरची, २.४ मीटर उंच मोरी धरा: सगळी मिळून हवा ५,२०० लिटर. धूर आतच राहिला आणि फटी बुजवलेल्या असल्या, तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ वर यायला चार मिनिटंही लागत नाहीत. ऑक्सिजनवर नजर ठेवणारे सेन्सर साधारण १८ टक्क्यांच्या आसपास गॅस तोडतात. ‘पाच मिनिटांत विझतो’ ही तक्रार इतकी सर्रास का येते, ते यावरून कळेल. त्या पातळीच्या खाली ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्यानं वाढतो. सेन्सर नसलेला गीझर मात्र जळतच राहतो.

तपासणी २: एक्झॉस्ट फॅन

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

खोली कोंदटते म्हणून माणसं एक्झॉस्ट फॅन लावतात. बिनपाइपच्या गीझरला तो उपयोगी आहे, पण हवा आत यायला खाली वेगळी वाट असेल तरच. पाइपवाल्या, नैसर्गिक ओढीच्या गीझरला तोच फॅन घात करतो. पाइपची ओढ किती नाजूक असते बघा: १०० अंशांचा धूर आणि २५ अंशांची बाहेरची हवा असेल तर उभ्या पाइपच्या दर मीटरला सव्वादोन पास्कलच्या आसपास दाब मिळतो. दीड मीटर पाइपला साडेतीन पास्कल, आणि वळणांत त्यातलाही काही जातो. उलट, लहानसा एक्झॉस्ट फॅन तासाला शंभर घनमीटरच्या वर हवा खेचतो. दार बंद आणि खाली सेंटीमीटरभर फट असेल, तर एवढी हवा त्या फटीतून ओढताना खोलीत १० पास्कलहून जास्त तूट सहज तयार होते. साडेतीनचा सामना दहाशी. फॅनला हवा जिथून सोपी मिळेल तिथून तो घेतो, आणि सगळ्यात सोपी वाट असते गीझरचा धुराचा पाइप. वर जाणारा धूर उलटा खाली येतो.

ही खेच त्याच खोलीतल्या फॅनचीच असते असं नाही. शेजारच्या स्वयंपाकघरातली चिमणी, कपडे वाळवायचं बाहेर हवा फेकणारं यंत्र, वरच्या मजल्यावरचा फॅन, सगळ्यांचा हिशोब धरावा लागतो. घट्ट बसणाऱ्या नव्या खिडक्या लावल्यावर, किंवा थंडीत फटींना पट्ट्या मारल्यावर जुना, वर्षानुवर्षं नीट चाललेला गीझर अचानक कुरकुर करू लागतो, त्याचं कारणही हेच. बाटली उपडी केल्यावर पाणी गुडगुडत का पडतं? हवा आत गेल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही. घराचंही तसंच.

तपासायचं असं: सगळे फॅन बंद ठेवून गीझर दहा मिनिटं चालवा, मग एकेक चालू करत जा. ज्या फॅनला तो विझतो तो गुन्हेगार. उपाय म्हणजे फॅन आणि गीझर एकाच वेळी चालणार नाहीत अशी इलेक्ट्रिशियनकडून जोडणी करून घेणं, किंवा फॅनला पुरेल इतकी हवा बाहेरून आणणारं उघडं भोक देणं. आणखी मोठा फॅन लावणं हा उपाय नाही.

तपासणी ३: पाइप डोळ्यांनी बघा

गीझर बंद, पूर्ण थंड. टॉर्च घ्या.

हुडपासून बाहेरच्या टोकापर्यंत पाइप एकसलग हवा. सांधा सुटलेला, पाइप हुडवरून घसरलेला, मधे झोळ पडून पाणी साचलेलं, दाबून चेपलेला, हे सगळं सर्रास सापडतं. फॉल्स सीलिंगच्या वर जाणारा पाइप तिथेच कापून ‘सोडून दिलेला’ही सापडतो, वरून छान दिसतं, धूर मात्र छतात भरतो. त्यामुळे सीलिंगची एक फळी काढून वर बघाच.

बाहेरच्या टोकाला पक्ष्यांची घरटी, गांधीलमाशीचं पोळं, रंगकाम करताना गुंडाळून राहिलेलं प्लास्टिक. टोकाला मच्छरदाणीची बारीक जाळी लावलेली असेल तर ती काढा: धूळ आणि ओल यांनी ती काही महिन्यांत बुजते. पाइप बनवणाऱ्याची मूळ टोपी तेवढी ठेवा. घरटं खालून काठीनं ढोसून काढू नका, ते आत अडकून वाट आणखी बंद होते.

टोक उंचावर असेल तर तिथे चढण्याचं काम तुमचं नाही.

तपासणी ४: उदबत्तीची परीक्षा

नैसर्गिक ओढीच्या गीझरला ही परीक्षा सगळ्यात बोलकी. एक उदबत्ती लागते. गॅसचा वास येत नाही याची खात्री करूनच पेटवा.

पहिली फेरी गीझर बंद ठेवून. उदबत्ती हुडच्या झालरीखाली धरा. धूर हळूच वर शिरत असेल तर वाट मोकळी आहे. बाहेर ढकलला जात असेल तर पाइपातून हवा उलटी येतेय. गीझर पेटवण्याआधीच निकाल लागला.

दुसरी फेरी नेहमीच्या वापरासारखी वाईटात वाईट परिस्थिती करून. खोलीची दारं-खिडक्या बंद करा, घरातले सगळे फॅन आणि चिमणी चालू करा, गीझर पूर्ण ज्योतीवर पेटवा. पाच मिनिटं थांबा. पाइप थंड असताना सुरुवातीला थोडा धूर बाहेर पडणं समजण्यासारखं आहे, पाच मिनिटांनंतर नाही. आता उदबत्ती हुडच्या कडेनं सगळीकडून फिरवा. धूर सगळीकडे आत ओढला गेला पाहिजे. एका कोपऱ्यातूनही परत फिरत असेल तर गीझर नापास. हुडच्या कडेला हात नेला तर गरम दमट झोत जाणवेल, तोही तोच पुरावा.

या फेरीच्या वेळी जवळ चालू असलेला कार्बन मोनॉक्साइड अलार्म ठेवा, खोलीत पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त राहू नका, आणि दाराबाहेर दुसरं माणूस उभं असू द्या. नापास झाला तर ताबडतोब गॅस बंद, खिडक्या उघड्या.

तिसऱ्या आणि चौथ्या जातीला हुडच नसतो, तिथे ही परीक्षा चालत नाही. त्यांच्या पाइपच्या सांध्यांभोवती तपकिरी डाग, वितळलेलं रबर किंवा ओल दिसते का एवढंच बघा. पंखा पाइपातला दाब वाढवतो, त्यामुळे बारीक फटीतूनही धूर खोलीत फवारला जातो. बंद पेटीच्या गीझरचं पुढचं कव्हर हे हवाबंदपणाचाच भाग आहे. ते उघडून कधीही चालवू नका.

तपासणी ५: ज्योत

गीझरवरच्या छोट्या खिडकीतून फक्त बघायचं, काही खोलायचं नाही. ज्योत निळी, आखूड, स्थिर हवी. अधूनमधून नारिंगी ठिणग्या दिसणं म्हणजे बहुधा धूळ. खोलीत वाफारा करणारं यंत्र चालू असेल तर पाण्यातल्या क्षारांनी सगळी ज्योतच नारिंगी दिसते. ते यंत्र बंद करून पुन्हा बघा. पिवळी, लवलवणारी, वरच्या तांब्याच्या पात्यांना चाटणारी ज्योत मात्र निराळी. तिथे काजळी धरते, काजळीनं पात्यांमधली वाट बुजते, धूर वर जायला जागा उरत नाही, मग ज्योत आणखी पिवळी होते. हे चक्र आपोआप थांबत नाही, वाढतच जातं.

काजळी दिसली की पुढच्या तपासण्या सोडा आणि गॅस तंत्रज्ञाला बोलवा. ब्रशनं वरवर झाडून चालवून बघणं म्हणजे काजळी आणखी आत ढकलणं.

तपासणी ६: हवेची भोकं मोजा

तपासणी १ मध्ये दार उघडल्यावर सुधारणा झाली असेल तर हे काम करायचंच आहे. टेप घ्या. खोलीत कायम उघडी राहणारी दोन भोकं हवीत, एक जमिनीजवळ, एक छताजवळ, आणि दोन्ही थेट बाहेर उघडणारी. उघडझाप होणारी खिडकी यात धरायची नाही. गारठा आला की ती बंदच होते.

माप किती? नियम देशागणिक वेगळे आहेत, तुमच्याकडचा आणि कंपनीच्या पुस्तिकेतला पाळा. अंदाजासाठी अमेरिकेतली गॅस नियमावली, एनएफपीए ५४, घेऊ: थेट बाहेर उघडणाऱ्या प्रत्येक भोकाला दर किलोवॉटमागे ५५० चौरस मिलिमीटर मोकळी जागा. १२ किलोवॉटला ६६ चौरस सेंटीमीटर, म्हणजे साधारण ८ बाय ८. पण जाळी बसवली की जागा घटते. धातूच्या पट्ट्यांच्या जाळीत पाऊण भाग मोकळा धरतात, लाकडी पट्ट्यांच्या जाळीत पावच. म्हणून धातूची जाळी साडेनऊ बाय साडेनऊ लागेल, लाकडी असेल तर १६ बाय १६. कीटकजाळी ६ मिलिमीटरपेक्षा बारीक नको.

भोकं बाहेर न उघडता शेजारच्या खोलीत उघडत असतील तर हिशोब बदलतो. त्याच नियमावलीत प्रत्येक भोक किमान ६४५ चौरस सेंटीमीटरचं लागतं, आणि दोन्ही खोल्यांची मिळून जागा दर किलोवॉटमागे ४.८ घनमीटर, म्हणजे १२ किलोवॉटला जवळपास ५८ घनमीटर. लहान घरात हे गणित बसत नाही.

भोकं असतात, पण वर कॅलेंडर टांगलेलं असतं, कपाट सरकवलेलं असतं, किंवा झुरळं येतात म्हणून टेप मारलेली असते. ती मोकळी करा, वर्षातून एक-दोनदा ब्रशनं झाडा.

तपासणी ७: पाइपची आखणी

इथपर्यंत सगळं ठीक आणि तरी धूर उलटतोय, तर आखणीत खोट आहे. मोजणं तुम्ही करू शकता. बदल मात्र तंत्रज्ञानं करायचा.

व्यास: गीझरच्या तोंडाला जेवढा आहे तेवढाच किंवा जास्त, शेवटपर्यंत. १०० मिलिमीटरच्या तोंडाला रिड्यूसर (व्यास कमी करणारा जोड) लावून ७५ चा पाइप जोडला की जागा ५६ टक्के उरते. हे फार ठिकाणी केलेलं असतं, कारण भिंतीतलं जुनं भोक ७५ चं असतं.

चढ: हुडवरून पाइप आधी सरळ वर गेला पाहिजे, पहिल्या वळणाआधी ६० सेंटीमीटर मिळाले तर उत्तम. आडवा भाग शक्य तितका आखूड, आणि बाहेरच्या दिशेनं मीटरला दोन सेंटीमीटर तरी चढता. काटकोनाऐवजी ४५ अंशांची दोन वळणं बरी. पंख्याच्या गीझरच्या पाइपचा उतार वेगळा असतो, काहींचा बाहेरच्या बाजूला, काहींचा गीझरकडे, म्हणजे थिजलेलं पाणी कुठे जायचं ते ठरतं. तिथे पुस्तिकाच प्रमाण.

साहित्य: नैसर्गिक ओढीच्या गीझरला प्लास्टिक किंवा पीव्हीसी पाइप कधीच नाही, वितळतो. पातळ अ‍ॅल्युमिनियमचा लवचीक पाइप कपडे वाळवायच्या यंत्रासाठी असतो, तो इथे चालत नाही. एकेरी पत्र्याचा पाइप लाकूड, पडदा, फोमच्या सीलिंगपासून १५ सेंटीमीटर तरी दूर हवा.

बाहेरचं टोक: बाल्कनीच्या छताखाली, अरुंद डक्टमध्ये, दोन भिंतींच्या कोपऱ्यात नको, वारा तिथे दाब धरतो आणि धूर परत ढकलतो. खिडकीखाली तर मुळीच नको. वर उल्लेखलेल्या नियमावलीत पंख्यानं बाहेर फेकलेल्या धुराचं टोक उघडणाऱ्या खिडकी-दारापासून बाजूला किंवा खाली १.२ मीटर, किंवा वर ०.३ मीटर दूर मागतात. शेजाऱ्याची खिडकीही खिडकीच असते.

इथून पुढे तंत्रज्ञच

काही गोष्टींना हात लावायचाच नाही. इमारतीच्या सामायिक शाफ्टमध्ये दोनतीन घरांचे पाइप जोडलेले असतील, त्यातला एक पंख्याचा आणि दुसरा नैसर्गिक ओढीचा असेल, तर पंखेवाला आपला धूर दुसऱ्याच्या घरात सोडू शकतो. हे एका घरातून सुटत नाही. सोसायटीनं किंवा मालकानं संपूर्ण शाफ्ट तपासून घ्यावा लागतो. तोवर त्या शाफ्टवरचे सगळे हीटर बंद.

गॅसचा दाब, बर्नरची जेट (गॅस सोडणारं बारीक भोक), हीट एक्स्चेंजरची सफाई, प्रेशर स्विच, सेन्सरची बदली ही कामंही परवानाधारक गॅस तंत्रज्ञाची. एलपीजीचा गीझर पाइपलाइनच्या गॅसवर जोडलेला असेल, किंवा उलट, तर जेट बदलल्याशिवाय ज्योत कधीच बरोबर जळणार नाही. तंत्रज्ञाला सांगताना ‘विझतो’ एवढंच न सांगता कितव्या मिनिटाला, कोणता फॅन चालू असताना, दार उघडं की बंद, उदबत्तीचा धूर कुठून परत फिरला, हे सांगा. धुराची मोजणी अ‍ॅनलायझरनं करून त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडचा आकडा लिहून मागा. मोजणी न करता ‘सेन्सर काढून टाकू, त्रासच नको’ म्हणणाऱ्याला पैसे देऊन परत पाठवा आणि दुसरा शोधा.

अलार्म

दुरुस्ती होईपर्यंत आणि नंतरही कार्बन मोनॉक्साइड अलार्म असावा. तो एकदम वाजत नाही, हे माहीत असू द्या. युरोपीय मानक ईएन ५०२९१ प्रमाणे ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) तो ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांनी, ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत. म्हणून ‘अलार्म वाजला नाही’ यावरून धूर उलटत नाही असं ठरत नाही. वाफेच्या मोरीत तो लावू नका, बाहेरच्या खोलीत गीझरपासून एक ते तीन मीटरवर लावा. टेस्टचं बटण फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं, आतली संवेदनपेटी नाही. तिची मुदत मागच्या बाजूला छापलेली असते, ती उलटली की अलार्म बदला.

दुरुस्ती झाल्यावर तंत्रज्ञ जायच्या आधी, त्याच्यासमोर, तपासणी ४ ची दुसरी फेरी पुन्हा करून घ्या. नव्या खिडक्या, नवी चिमणी, नवा फॅन, किंवा वरच्या मजल्यावर बांधकाम झालं, की तीच फेरी परत.